करंट कोण खातो?



या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या दारांत अधिक झालेले. तेव्हा आज सांगणार आहोत ती एका करंटच्या हिशेबाची हकिकत. त्या हिशेबात एका मुलीचा पगार अडकला होता.

साताऱ्याकडील एका लहान कारखान्यात (नाव घेत नाही) शेतातील ओलावा मोजणारे यंत्र तयार करण्याचे चालले होते. नाण्याएवढ्या सेलवर ते वर्षानुवर्षे चालावे ही अपेक्षा. त्याचा प्राण म्हणजे एक चिप. गिऱ्हाइकाने ती आधी अजमावून पाहावी म्हणून चिपवाले एक तयार बोर्ड देतात. त्यास इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणतात. झोपलेली चिप 5 मायक्रोअँपिअर घेते, असे माहितीपत्रक सांगत होते. आमच्या या शिकाऊ मुलीच्या मीटरने दाखविले 21 मिलिअँपिअर, म्हणजे चार हजार पटींहून अधिक! सेलमध्ये माल असतो सुमारे 220 मिलिअँपिअर-तासांचा. पहिल्या आकड्याने तो कागदावर पाच वर्षे पुरतो, दुसऱ्याने साडेदहा तास.

वरिष्ठांनी निदान केले की, मुलीने मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला नाही, अंगावरच्या स्थिर विजेने चिप जळाली. सबब बोर्डाची किंमत पगारातून कापावी. आता, नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगारास बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. हे 1936 च्या वेतन कायद्यात होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. आम्ही तत्काळ कडक निवेदन लिहिले. पण बाजू मांडावयाची म्हणजे काय मांडावयाचे? बोर्ड आम्ही पाहिलाही नव्हता. क्रम चुकला, हे येथे कबूल केलेले बरे.

मग आम्हांस आमचे सांगलीकडचे तात्या आठवले. जन्मभर वायरमन, कृष्णाकाठच्या पंपांवर हात बसलेला. 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, 1962 साली कोयनेची वीज सुरू झाली, आणि या दोन्हींच्या मधोमध जो उसाचा मळा आहे तेथे मोटर जळण्याचे शास्त्र तात्यांसारख्यांनीच जाणले. चिप त्यांनी कधी हाताळली नव्हती. त्यांनी एवढेच विचारले, “पोरी, कपलिंग सोडून बघितलंस का? मोटर जास्त अँपिअर घ्याय लागली म्हंजे मोटरच खराब, असं नसतं. पंप जाम असंल.”

मुलीचे डोळे चमकले. बोर्डावर चिपचा पुरवठा वेगळा काढण्यासाठी एक जंपर असतो. तो काढून तिने तेथे मीटर जोडला. 21 चे झाले 2.1! उरलेले सारे चिपच्या शेजाऱ्यांचे होते: संगणकाशी बोलणारी दुसरी चिप, आणि पुरवठा असल्याचे दाखविणारा लाल दिवा. 3.3 व्होल्ट, दिव्याचे 1.8 वजा, मध्ये हजार ओहम. एकटा दिवाच दीड मिलिअँपिअर खातो.

पण 2.1 तरी का? तपासणीची केबल जोडलेली होती. ती जोडलेली असता ही चिप खरी झोपतच नाही, तिचे घड्याळ आत चालू राहते. केबल काढून बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला, आकडा आला 380 मायक्रोअँपिअर. पट्टी बदलून अधिक बारीक मोजू गेलो तर चिप सारखी गचके खाऊ लागली. बारीक पट्टीवर मीटरचाच रोध मोठा. जागी होणारी चिप करंट मागते आणि व्होल्टेज कोसळते. तात्या हसले, “लाइनीच्या शेवटच्या मोटरचं दुखणं.” चिप झोपेपर्यंत मीटरची दोन टोके तारेने जोडून ठेवायची, मग तार काढायची, ही युक्ती मुलीची.

पुढे एक पाय सापडला. बाहेरून तो दहा हजार ओहमने 3.3 व्होल्टला बांधलेला, आणि प्रोग्राम त्याला आतून खाली ओढून धरीत होता, गेले 330. उरले पन्नासेक. काही पाय कोठेच जोडलेले नव्हते. असा पाय अधांतरी राहिला की आतील वरची व खालची दोन्ही दारे अर्धवट उघडी राहतात आणि करंट झिरपतो. ते पाय प्रोग्राममधून बांधले, तेव्हा मीटर 6 वर स्थिर झाला.

चिप स्थिर विजेने मरते, हे खोटे नाही; पट्टा बांधलाच पाहिजे. सारे सोडवूनही 2 मिलिअँपिअर राहिले असते आणि तशाच दुसऱ्या बोर्डावर 6 मायक्रो आले असते, तर आम्ही मान खाली घातली असती. प्रोग्राम इंजिनिअरने लिहिला होता. मग त्याच्या पगारातून कापणार का, असे कोणी विचारले, तेव्हा मुलगीच म्हणाली, “नको, बोर्ड तर चांगलाच आहे.”

कपातीची नोटीस मागे घेण्यात आली. मेमो मात्र अद्याप तिच्या फायलीत आहे. तो काढून टाकावा म्हणून आमचा अर्ज गेला आहे. या खेपेस सोबत आकड्यांचा तक्ता जोडला आहे, आणि तो तिच्या अक्षरात आहे.