शिक्षा का अधिकार

मंडळी, एका भिंतीपासून सुरुवात करतो. बारा-चौदा वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका शाळेच्या भिंतीवर नवी ओळ रंगवली होती: ‘शिक्षा का अधिकार’. मी ती आईला वाचून दाखवली. आई जुन्या काळची, मराठी चौथी झालेली. ती म्हणाली, ‘‘शिक्षा कराचा अधिकार त मास्तरले पयलेपासूनच हाय. भितीवर काहाले लिवला?’’

तुम्ही हसलात, मीही हसलो होतो. पण भिंतीवरचा तो शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देणारा. त्याचंच सतरावं कलम सांगतं की मुलाला मारायचं नाही, त्याचा मानसिक छळही करायचा नाही. म्हणजे आईच्या डोक्यात कायद्याच्या नेमका उलटा अर्थ गेला. रंगाचा डबा संपला, कागदोपत्री जनजागृती झाली, आणि घरात मात्र एक जुनी समजूत आणखी घट्ट झाली.

२० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. या करारातली चोपन्न कलमं कोणी पाठ करत नाही, करूही नये. बेचाळीसावं तेवढं लक्षात ठेवा. हे हक्क मोठ्यांना आणि मुलांनाही कळतील असे पोचवणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं ते सांगतं. पोचवणं म्हणजे नुसतं छापणं नव्हे. आता आपल्या लोधीखेड्यात पोचवायचं तर कोणत्या भाषेत?

हा प्रश्न आपल्याला १ नोव्हेंबर १९५६ पासून चिकटलेला आहे. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आपले मराठी बोलणारे सौंसर, पांढुर्णा मात्र छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिले. राजधानी जवळच्या नागपुराहून उठून थेट भोपाळला गेली. गंमत अशी की त्याच १९५६ मध्ये घटनेत ३५० (क) हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करण्याचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. पुढे २००९ च्या कायद्यानंही मातृभाषेचं माध्यम मान्य केलं, पण ‘शक्य असेल तिथवर’ ही पुस्ती जोडून. सरकारी भाषेत एवढ्या दोन-तीन शब्दांत अख्खं गाव मावतं.

माझं हिंदीशी भांडण नाही. आयुष्यभर हिंदीत अर्ज लिहिले. पोराला हिंदी यायलाच हवी. पण दुखलं-खुपलं तर पोट्टं हिंदीत रडत नाही. खरं तर ते सरळ मराठीतही सांगत नाही. ‘पोट दुखते’ म्हणतं. सोमवारी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. आपण ओवा चारतो आणि दप्तर अडकवून पाठवून देतो. करारातलं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि त्याच्या वयाप्रमाणं त्याला वजन द्यावं. राजहट्ट, स्त्रीहट्ट, बालहट्ट हे शब्द आपल्याकडे किती जुने! बालहक्क हा शब्द मात्र आत्ता आत्ता घडवावा लागला. मूल काही मागतं तेव्हा ते हट्टच करतं, असं आपण पिढ्यानपिढ्या धरून चाललो.



जागृती नुसत्या फलकांनी होत नाही, मागणीनं होते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९९७ मध्ये मध्य प्रदेशानं ‘शिक्षा गारंटी योजना’ आणली. हेही नाव आईच्या कानी गेलं असतं तर बरंच झालं असतं! एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि शिकण्याजोगी चाळीस मुलं आहेत, आदिवासी भागात पंचवीस, तर गावानं मागणी करायची. सरकारनं नव्वद दिवसांत शाळा द्यायची. गुरुजी तुटपुंज्या मानधनावर राबले, तो भाग लाजिरवाणाच होता. पण मुलं मोजायची कोणी? गावानं. आपल्या वस्तीत शाळेबाहेर किती पोरं आहेत हे गावाला आधी स्वतःला विचारावं लागलं. भिंत रंगवण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड.

आपल्याकडे आता शाळा आहेत, पटावर नावंही आहेत. मग कापूस फुटतो आणि पटावरची पोरं वेचणीला जातात. बालमजुरीचा कायदा काय म्हणतो? चौदाच्या आतल्या मुलाला मजुरीवर ठेवता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनं एक फट ठेवली: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोक्याचं नसेल अशा घरच्या कामाला त्यानं हात लावला तर चालतो. फट मला रुचत नाही, पण शेतकऱ्याच्या घरात वाढलो म्हणून समजते. अडचण दुसरीकडे आहे. वेचणीची मजुरी रोजावर नसते, किलोवर असते. आईच्या कमरेला ओटी, शेजारच्या तासात दहा वर्षांची पोरगी. तिनं वेचलेला कापूस आईच्या गाठोड्यात जातो. संध्याकाळी काटा होतो, वहीत आईच्या नावापुढं किलो लिहिले जातात. मालक म्हणतो, माझ्याकडे एकही मूल कामाला नाही. वहीप्रमाणं तो खरंच बोलतो. शाळेच्या हजेरीत ती नाही आणि शेताच्या वहीतही नाही. दिवसभर ही पोरगी कुठेच नव्हती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या बाया असायला हव्यात. तुमच्यापैकी कितीजण अशा समितीत आहात, हात वर करा बरं. चार. वेचणीच्या दिवसांत या चौघांनी पट मागून घ्यावा आणि गैरहजर पोरींची नावं मोठ्यानं वाचावीत. मराठीत वाचा. काटा करणाऱ्यालाही बैठकीत बोलवा, कोणाच्या ओटीला किती हात लागतात हे त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं.

बोलायचं होतं ते बोललो. आता प्रश्न घेऊ. पुढच्या खुर्च्यांवरच्या मंडळींनी जरा थांबावं. मागं सतरंजीवर पोट्टे केव्हाचे चुळबुळ करताहेत, आधी त्यांचे.