मुक्तस्रोत अध्यापन-प्रणाली आणि प्राथमिक शिक्षक
(शिक्षण परिषदेतील भाषण)



ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामस यांचे बालपण पश्चिमेकडील ओसाड प्रदेशात गेले. शाळा दूर, धडे रेडिओवरून कानी येत. पुढे त्यांनीच 'मूडल' ही अध्यापन-प्रणाली रचून २००२ साली तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यावर शिक्षक पाठ मांडतो, स्वाध्याय देतो, चाचणी घेतो आणि कोणते मूल कुठे अडले हे पाहतो. तिची अंतर्गत घडण सर्वांस खुली आहे. ती कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी; अट एवढीच, की बदललेली प्रणाली इतरांस देताना तीही तशीच खुली ठेवावी. परवान्याचे मूल्य नाही. मात्र फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. संगणक लागतो, वीज लागते आणि राखण करणारा जाणता माणूस लागतो. कोणी धर्मार्थ विहीर खोदून दिली, तरी दोर-बादली गावालाच आणावी लागते.

आपल्या परिचयाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. तेही 'सनबर्ड' ह्या मुक्तस्रोत प्रणालीवर उभे आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ह्या उपक्रमाची अभ्यासमाला घरोघरच्या फोनवर पाठविण्यात आली. पण वैनगंगेच्या खोऱ्यात जुलै हा रोवणीचा महिना. घरातील एकुलता फोन बापाबरोबर बांधीत गेला, की मुलाची शाळा संध्याकाळीच भरावयाची, आणि तीही फोनमध्ये पैसे भरलेले असतील तर! ज्या घरी तसा फोनच नव्हता, तेथे ती भरलीच नाही.

ह्यावर थोडा उपाय आहे. दीक्षावरील पाठ एकदा उतरवून घेतले, की इंटरनेटवाचून उघडतात. मूडल तर शाळेतील एकाच संगणकावर ठेवून आवारापुरत्या वायफायवर चालविता येते.

परंतु खरा प्रश्न पाठ कोणी लिहावयाचा हा आहे. राज्यस्तरावर तयार झालेला पाठ चांगलाच असतो. तथापि लाखांदूर-साकोलीकडे पहिलीत येणाऱ्या कित्येक मुलांच्या कानी घरी झाडीबोली पडलेली असते. पुस्तकी शब्दापाशी ते मूल अडते, आणि नेमके कोठे अडते हे त्याच्या गुरुजी-बाईंवाचून कोणास ठाऊक असणार? प्रणाली खुली असून शिक्षक केवळ तयार पाठ पुढे धाडीत राहिला, तर त्या खुलेपणाचा उपयोग काय?

प्रत्येक केंद्राने प्रथम एकच पाठ तयार करावा. चार मिनिटांचा पुरे. त्यात घरच्या बोलीतील शब्दावरून प्रमाण शब्दाकडे जावे. आवाज शिक्षकाचाच असावा. इतर शाळांनी तो बदलून वापरण्यास हरकत नाही, असे त्याखाली स्पष्ट लिहावे. मुलांची नावे व छायाचित्रे मात्र त्यात घालू नयेत.