शिडाच्या नौकेवरील जुने स्वयंचलित सुकाणू



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानांत इतिहास, साहित्य आणि संगीत यांना मान असतो. यंत्राच्या दुरुस्तीला सहसा नसतो. तरीही आम्ही हा विषय निवडला, कारण चेन्नईत समुद्र आपल्या दाराशी आहे. येथील रॉयल मद्रास यॉट क्लब १९११ पासून शिडाच्या नौका चालवीत आला आहे. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या सुकाणू हाती धरले, तर त्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात, एवढाच आमचा हेतू.

दिलीप दोंदे या मराठी नौसेनाधिकाऱ्याने १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकट्याने प्रस्थान ठेवले आणि वाटेत अवघ्या चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्यांची 'म्हादेई' ही नौका गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. एकटा मनुष्य नऊ महिने सुकाणू धरून बसू शकत नाही. त्याला जेवायचे असते, शिडे सांधायची असतात, झोपायचे असते. म्हणून एकट्या खलाशाला स्वयंचलित सुकाणू ही चैन नव्हे. ते बंद पडले की त्याची झोपच हिरावली जाते, आणि झोपेवाचून मनुष्य चुकतो.

हे यंत्र करते तरी काय? १९२२ साली निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने जहाजाच्या सुकाणूविषयी एक मूलगामी निबंध प्रसिद्ध केला. जहाज किती अंशांनी वळले एवढेच कुशल सुकाणूवाला पाहत नाही; ते किती वेगाने वळत आहे आणि किती वेळ एकाच बाजूस ढळत राहिले आहे, याचाही तो अंदाज घेतो. हीच त्याची रीत मिनोर्स्कीने गणितात मांडली. म्हणजे यंत्र शिकले ते नाखव्याकडून. त्याला होकायंत्र हे डोळे, विद्युत्‌मंडल ही बुद्धी आणि मोटर हा हात.

बिघाड शोधताना या तिघांकडे वळण्यापूर्वी नौकेकडे पाहावे. शिडांचा तोल बिघडला असेल, तर हातानेही सुकाणू जड लागते आणि यंत्र उगाच दमते. प्रथम यंत्र सुकाणूपासून सोडवावे व सुकाणू हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. ते अडखळत असेल, तर दोष यंत्राचा नव्हे.

दुसरी पायरी विजेची. आपल्या किनाऱ्यावरची खारट, दमट हवा तांब्याच्या तारेला हिरवी करते. अशा गंजलेल्या जोडात अर्धा ओहम रोध निर्माण झाला आणि मोटरने चार अँपियर प्रवाह ओढला, तर त्या एका जोडातच दोन व्होल्ट खर्च होतात. बारा व्होल्टांची बॅटरी यंत्राला दहाच देते. यंत्र मग मध्येच बंद पडते व पुन्हा सुरू होते. म्हणून दाब मोजायचा तो यंत्राच्या अग्रांवर, आणि मोटर भार ओढीत असताना. निवांत वेळी घेतलेले माप फसवे असते.

तिसरी पायरी मोटरची. तिच्या तारा विद्युत्‌मंडलापासून अलग करून, फ्यूज मध्ये घालून, क्षणभर थेट बॅटरीस लावाव्यात. मग तारांची अदलाबदल करावी. दोन्ही दिशांना ती जोमाने फिरली, तर हात शाबूत आहे. दोष पुढे शोधावा. अडली, तर कार्बनचे झिजलेले ब्रश व त्यांची साचलेली काळी भुकटी पाहावी.

चौथी पायरी होकायंत्राची. पूर्वी जेथे लाकडी पेटी होती तेथे कोणी लोखंडी हत्यारे किंवा ध्वनिक्षेपक ठेवला, तर सुकाणू भलतीच दिशा खरी मानते. येथे आपल्या भूगोलाची एक कृपा आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते. १९६३ मध्ये थुंबा येथे अग्निबाण-तळ उभारण्यामागे हेही एक कारण होते. त्यामुळे चेन्नईजवळ चुंबकीय नती अल्प असते. उत्तर युरोपात नौका कलली की तीव्र नतीमुळे होकायंत्र चुकते. येथे त्या सबबीला फारसा आधार नाही. नौका भरकटत असेल, तर आधी सैल तार पाहावी.

उरला तो सततचा नागमोडी प्रवास. यंत्राची संवेदनशीलता फार वाढविली, अथवा सांध्यांत ढिलेपणा आला, तर ते एकदा इकडे, एकदा तिकडे अति वळविते. प्रथम सांधे आवळावेत, मग संवेदनशीलता कमी करावी. एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत लिहून ठेवावा. नाहीतर कशाने गुण आला हे कळत नाही.

उत्तम यंत्रणाही समुद्रात दगा देते. 'तारिणी' नौकेवरील सहा महिला नौसेनाधिकाऱ्यांना, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगप्रदक्षिणा करीत असता, सुकाणूच्या बिघाडामुळे एप्रिल २०१८ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईस जावे लागले. दुरुस्ती करून त्या २१ मे रोजी गोव्यास पोहोचल्या. अभिलाष टॉमी यांनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, जेथे विजेवर चालणारे सुकाणू वर्ज्य असते, वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूचे मोडलेले भाग शौचालयाच्या दाराच्या फळीतून घडविले आणि दुसरा क्रमांक मिळविला. सुटे भाग मिळेनासे झाले, तरी ज्याला यंत्राचे कार्य समजले आहे त्याला मार्ग सापडतो.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे चाललेले मंडळही काही अंशी आपोआप चालू लागते. तेव्हाही कोणीतरी रात्री उठून दिशा पाहावी लागते, सांधे आवळावे लागतात. आमची विनंती इतकीच की, आपल्या मुलांना यंत्र वापरावयास द्यावे. पण तत्पूर्वी सुकाणू हाताने धरावयास शिकवावे.