भरवशाची नोकरी

कामाच्या ठिकाणी एखाद्याला भरवशाचा माणूस म्हटले की कौतुक होते ते त्याच्या स्वभावाचे. तो शांत आहे, वेळेवर येतो, शब्दाला जागतो, असे सांगितले जाते. हे खरेच असते, पण अपुरे असते. भरवसा हा मुख्यतः कामाच्या रीतीतून निर्माण होतो. ती रीत शिकता येते, शिकवता येते आणि तिच्या बळावर आयुष्यभराची नोकरी उभी राहते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. तेव्हापासून ही रीत घडवत आलेले खाते म्हणजे रेल्वे. तिथे एकाने केलेल्या कामावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो आणि ही दोन माणसे बहुधा एकमेकांना कधी भेटतही नाहीत.

या साखळीचे पहिले टोक रुळावर आहे. कीमन, म्हणजे चावीवाला, आपल्या टापूतील लोहमार्ग रोज पायी तपासतो. हा टापू साधारण पाच-सहा किलोमीटरचा असतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंडे आणि रुळावर लावायचे फटाके. जाताना एका रुळाकडे आणि परतताना दुसऱ्याकडे नजर. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी पँड्रोल क्लिप सैल झाली असेल तर तो ती ठोकून बसवतो, सांध्याचे बोल्ट आवळतो, खडी सरकली आहे का ते पाहतो. बहुतेक दिवशी विशेष काही सापडत नाही. या नोकरीची खरी कसोटी इथेच आहे. शंभर दिवस काही सापडले नाही तरी एकशेएकाव्या दिवशी त्याच डोळ्यांनी पाहावे लागते. थंडीत पोलाद आकसते आणि पहाटे रूळ तडकण्याची भीती वाढते. उन्हाळ्यात ते प्रसरण पावून रूळ वाकू शकतो. पावसाळ्यात भराव खचतो, दरड येते. अनुभवी चावीवाल्याला आपल्या टापूतील कोणती जागा कोणत्या ऋतूत दगा देते हे पाठ असते.

रुळाला तडा दिसला तर पहिले काम दुरुस्तीचे नाही, गाडी थांबवण्याचे आहे. त्या जागी लाल झेंडा रोवायचा आणि ज्या दिशेने गाडी येण्याची शक्यता आहे त्या दिशेला लाल झेंडा दाखवत धावत सुटायचे. ब्रॉडगेज मार्गावर सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर लावायचे. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की चालकाला धोका कळतो. झेंडा न दिसण्याइतके धुके असले तरी आवाज पोहोचतो. हा क्रम सर्वच व्यवसायांनी उचलावा असा आहे. पुष्कळ ठिकाणी कर्तबगार माणूस बिघाड दिसताच एकट्याने निस्तरायला बसतो आणि पुढच्या माणसाला कळवायचे राहून जाते. अशा माणसाच्या हेतूत खोट नसते. पण ज्याच्यावर संकट येऊन आदळणार आहे, तो या काळात अंधारात राहतो.

साखळीचा दुसरा दुवा म्हणजे शब्दाची खूण. ज्या फाटकांचा सिग्नलशी यांत्रिक संबंध नसतो, तिथे गाडी येत असल्याचे स्टेशन मास्तर गेटमनला फोनवर कळवतो. गेटमन फाटक बंद करतो आणि आपल्याजवळच्या छापील तक्त्यातील पुढचा आकडा मास्तरला सांगतो. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. दोघेही तो नोंदवतात, वापरलेला आकडा खोडला जातो. ‘हो, केलं’ हे सवयीने तोंडातून निघू शकते. आकडा सांगण्यासाठी मात्र तक्ता हातात घ्यावा लागतो आणि त्या क्षणी माणूस आपण काय कबूल करत आहोत याचे भान ठेवतो. एकेरी मार्गावर पूर्वीपासून वापरात असलेला टोकनचा पोलादी गोळा याच विचारातून आला. हा गोळा हाती आल्याशिवाय चालक पुढच्या टप्प्यात गाडी नेत नाही. स्थानकातील आश्वासन नोंदवही ही त्यापुढची पायरी. स्थानकाचे नियम वाचले आणि समजले, असे सही करून लिहून दिल्याशिवाय नव्या माणसाला स्वतंत्रपणे काम सोपवले जात नाही.

लोको पायलटच्या कामात भरवशाचा आणखी एक पैलू दिसतो, तो म्हणजे आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखण्याचा. गाडी चालवता येणे पुरेसे नसते; तो विशिष्ट मार्ग माहीत असावा लागतो. सिग्नल कुठे आहेत, चढ-उतार कसे आहेत, वळण कुठे लागते, हे नवा चालक जाणत्या चालकाबरोबर फेऱ्या करून शिकतो. त्यात रात्रीची फेरीही असते. मार्ग समजल्याचे तो लेखी देतो, मगच त्याला त्या मार्गावर गाडी मिळते. त्या मार्गावर तीन महिन्यांहून अधिक काळ गेला नसेल तर त्याला तो पुन्हा पाहून घ्यावा लागतो, मग त्याची सेवा वीस वर्षांची का असेना. धावत्या गाडीत चालक आणि सहायक चालक प्रत्येक सिग्नल मोठ्याने उच्चारून एकमेकांची खात्री करतात. एवढ्यावरही भिस्त ठेवली जात नाही. साठ सेकंद चालकाकडून कोणतीच हालचाल झाली नाही तर इंजिनातील दक्षता यंत्र इशारा देते आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास ब्रेक लावते. स्वतःच्या कामावरची तपासणी हा अपमान वाटून घेणारा माणूस या खात्यात भरवशाचा ठरू शकत नाही, आणि इतर खात्यांतही तो ठरू नये.

अशा कामाचा एक जाच आहे. ते नीट झाले की दिसत नाही. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत्या गाडीसमोर रुळावर पडलेल्या मुलाला उचलून वाचवले. ते दृश्य देशभर पाहिले गेले आणि सन्मान झाला तो रास्तच होता. पण गाडीसाठी रुळाचा मार्ग बदलून देण्याचे पॉइंट्समनचे रोजचे काम कुणाच्याही नजरेत भरत नाही. न घडलेल्या अपघाताची बातमी होत नाही. म्हणून रेल्वेत तडा वेळीच हेरणाऱ्या, वाघिणीचा लोंबता भाग पाहून गाडी थांबवणाऱ्या कर्मचाऱ्यांना सुरक्षा पुरस्कार देण्याची प्रथा आहे. ती फार मोलाची आहे. टळलेल्या संकटाची नोंद ठेवण्याची सोय जिथे नसते, तिथे आग विझवणाऱ्याला बढती मिळते आणि आग लागूच न देणारा मागे राहतो. करिअरचा विचार करणाऱ्याने ही अडचण ओळखून आपल्या कामाची साधी, तारीखवार नोंद स्वतः ठेवावी. यात आत्मप्रौढी नाही.

बढतीचा क्रमही बोलका आहे. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमधला कामगार अनुभवाने चावीवाला होतो, पुढे मुकादम होऊन साऱ्या गँगचा जबाबदार ठरतो. सहायक चालक आधी मालगाडी, मग पॅसेंजर आणि त्यानंतर मेल-एक्स्प्रेस चालवू लागतो. परीक्षा असतात, सेवाज्येष्ठता असते, वैद्यकीय तपासणीही असते. त्याबरोबर प्रत्येक पायरीवर जोखीम वाढते, आणि मोठी जोखीम सोपवण्यापूर्वी लहान जोखीम कशी पेलली ते पाहिले जाते.

विश्वासू माणसावर अधिकाधिक काम लादले जाते, ही मात्र सर्वत्र आढळणारी वाईट खोड आहे. ‘त्याला सांग, तो करेल’ या वाक्याने कित्येक चांगली माणसे थकून गेली आहेत. रेल्वेच्या नियमांनी निदान कागदावर तरी याचे उत्तर दिले आहे. आठ तास किंवा त्याहून अधिक काम करून मुख्यालयी परतलेल्या चालकाला सोळा तासांची विश्रांती ठरवून दिलेली आहे. विश्रांती पुरेशी मिळत नाही, हे चालकांच्या संघटनांचे जुने गाऱ्हाणे आहे आणि ते गांभीर्यानेच घ्यायला हवे. झोप न झालेला माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याचे डोळे दगा देतात. त्यामुळे रजा मागणे आणि झेपणार नाही ते वेळेवर सांगणे हा जबाबदारीचाच भाग आहे.

झेपणार नाही ते आधीच सांगण्याचा हा धडा संस्थांनाही लागू होतो, आणि कोकण रेल्वे तो फार मोठी किंमत मोजून शिकली आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीच्या दगडांवर आदळून विशेष गाडी घसरली आणि सुमारे पन्नास प्रवासी दगावले. आज या मार्गावर पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लागू होते, गाड्या सावकाश धावतात आणि गस्तीवाले रात्रीच्या पावसात दरडींच्या जागांवर फिरतात. गाडी उशिरा पोहोचते हे प्रवाशांना आधीच सांगितलेले असते.

कार्यालय, इस्पितळ, कारखाना किंवा संगणकाची कंपनी, कुठेही वरिष्ठांनी यातून एक गोष्ट तरी घ्यावी. काम ठरल्या वेळी होणार नाही, हिशेबात गडबड दिसते, यंत्राचा आवाज बरोबर येत नाही, असे सांगायला एखादा कनिष्ठ आपणहून आला तर त्याचे आधी पूर्ण ऐकून घ्यावे, त्याच्या इशाऱ्याची त्याच्या नावानिशी नोंद करावी, आणि शंका पुढे खोटी ठरली तरी काम थांबवल्याबद्दल त्याला जाब विचारू नये.