गोळी पोटात गेली का?

 आशाताई, म्हणजे आपल्या आशा कार्यकर्त्या, मागच्या रांगांत बसल्या आहेत. त्या पुढे बसल्या असत्या तर बरे झाले असते, पण ते संयोजकांशी नंतर बोलेन.

रुग्णसेवेतील नव्या साधनांवर बोला, असे मला सांगितले आहे. साधने ढीगभर आहेत, म्हणून मी क्षयरोगापुरतेच बोलतो. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिल्या दोन महिन्यांत ताप जातो, खोकला थांबतो, भूक लागते आणि तिथेच घात होतो. बरे वाटले म्हणून गोळ्या सुटतात, उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. त्यामुळे या रोगात आपण पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न विचारत आलो: आजची गोळी पोटात गेली का? ‘डॉट्स’ या उपचारपद्धतीने त्याचे उत्तर दिले ते रुग्णाला केंद्रावर समोर बसवून गोळी देऊन. पण केंद्रावर जायचे तर रोजगार बुडतो, आणि गल्लीला कळते ते वेगळेच.

म्हणून ‘99 डॉट्स’ची कल्पना मला फार आवडली होती. गोळ्यांच्या पट्टीभोवती कागदी पाकीट. गोळी बाहेर काढली की मागे दडलेला फोन नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. खर्च शून्य. एक पैसा न देता निरोप पोचवण्याची ही युक्ती आपल्याच गरीब माणसांनी रुळवलेली होती; कल्पकता होती ती तिला औषधाच्या पाकिटावर आणण्यात.

पुढे मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरमधल्या रुग्णांची लघवी तपासून मिस्ड कॉलची नोंद पडताळली गेली. मेळ फारसा बसला नाही. गोळी घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा कॉल नव्हता आणि कॉल असूनही काहींच्या लघवीत औषध नव्हते. यात नवल ते काय? घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा कामावर. तरीही हे साधन टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. कॉल आला नाही, याचा अर्थ ‘रुग्ण बेजबाबदार’ असा नाही. ‘आज त्या घरी जाऊन या’ एवढाच आहे. जायला माणूस नसेल, तर पडद्यावरचा लाल ठिपका काय कामाचा?

जिथे संगणकाने खरोखर काम हलके केले, ते उदाहरण ऊसतोडीचे. दसरा-दिवाळीनंतर बीडकडचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतो. नवरा-बायको दोघे कोप्यांत राहतात, कारखाना सांगेल तसा फड बदलतो, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावी परतणे नाही. मुकादमाची उचल डोक्यावर असते, तेव्हा दुखणे अंगावरच काढले जाते. अशा जोडीतल्या बाईला टीबी असला की पूर्वी तिचे कार्ड गावच्या केंद्रात आणि ती दोनशे किलोमीटरवर. नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून विचारपूस, तोवर गोळ्या संपलेल्या. 2012 साली ‘निक्षय’ ही टीबी रुग्णांची संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. आता रुग्णाचा क्रमांक देशभर एकच आणि नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्याकडे सोपवता येते. पण सोपवणाऱ्याने निघण्याआधी तिला विचारायला हवे, ‘ताई, यंदा कुठल्या कारखान्यावर?’ हा रकाना गावातल्या माणसालाच भरता येतो.

निदानाची साधने झपाट्याने सुधारली. गोव्यातल्या वेर्ण्याच्या कंपनीचे ‘ट्रूनॅट’ बॅटरीवर चालते आणि जंतूचा जनुकीय माग काढते. 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने ते मान्य केले. छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्यालाही पुढच्याच वर्षी तिची शिफारस मिळाली. उत्तमच. मात्र सर्वांत दुर्लक्षित साधन तुमच्या दवाखान्याच्या कोपऱ्यात पडले आहे: वजनकाटा. झारखंडमधला ‘राशन्स’ अभ्यास 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. रुग्णाच्या घरच्यांनाही जादा तांदूळ-डाळ दिली, तेव्हा त्या घरांत नव्या टीबीचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी राहिले. रुग्णाचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले की मृत्यूचा धोका उतरतो, हेही तिथेच दिसले. निक्षय पोषण योजनेचे मासिक 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. ते थेट खात्यात जातात, हा डिजिटल व्यवस्थेचा मोठा उपकार. खाते आधारशी जोडलेले नाही म्हणून अडकतात, हा तिचाच जाच.

आता तीन मागण्या. खासगी डॉक्टरांनो, 2012 पासून टीबीची नोंद देणे बंधनकारक आहे. ‘पेशंट नाराज होईल’ हे कारण पुरे झाले. संगणकवाल्यांनो, ॲप लिहिण्याआधी एक दिवस आशाताईंबरोबर उन्हात हिंडा, आणि तो पडदा मराठीत, रेंज नसतानाही चालेल असा करा. आणि आज दुपारच्या सत्रात ठराव मांडायचाच असेल तर हा मांडा: नवे ॲप येईल त्या दिवशी आशाताईंच्या पिशवीतले एक रजिस्टर कमी झालेच पाहिजे. सूचक मी आहे. अनुमोदन त्यांच्यापैकी कुणीतरी द्यावे.