मुलगी दिवसभर कॉम्प्युटरवर काय करते?

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

गटाच्या सगळ्या ताई, काकू, मावश्या आणि काम करता करता ऐकणाऱ्या सुनांनो, आम्ही चौघी बोलतोय. चौघीही याच तालुक्यातल्या. दोघी पुण्यात नोकरीला आहोत, दोघी लग्नानंतर गावातूनच काम करतो. काम एकच, सॉफ्टवेअर लिहायचं. "पोरगी दिवसभर खुर्चीत बसून बटणं दाबते, रात्री अकराला फोन आला की पुन्हा बसते, ती नेमकं करते काय?" असं आमच्या आयांनी विचारलं, सासवांनी तर जरा जास्तच विचारलं. म्हणून आज त्याचंच उत्तर.

सॉफ्टवेअर म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना. तुम्ही डेअरीवर दूध घालता. मशीन फॅट दाखवतं, वजन दाखवतं आणि चिठ्ठी बाहेर येते. त्या चिठ्ठीमागे हजारो ओळींच्या सूचना असतात. त्या एकटी बाई लिहीत नाही. दहा-पंधरा जण एकाच वेळी त्याच कामात हात घालतात. मग कोणी काय बदललं, हे कळायचं कसं?

आपल्या गटाच्या वहीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. आकडा चुकला तर खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. आडवी एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. जुना आकडा दिसला पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचाही अगदी हाच नियम आहे, आणि तो पाळायला त्यांच्याकडे एक साधन आहे. त्याचं नाव गिट.

हे गिट केलं लिनस टोरवाल्ड्स यांनी. माणूस मूळचा फिनलंडचा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते सुरू करणारे हेच. जगभरचे लोक लिनक्समध्ये बदल पाठवायचे. त्या बदलांची नोंद ज्या साधनात व्हायची, ते एका कंपनीचं होतं आणि फुकट वापरायला दिलेलं होतं. 2005 साली कंपनीनं ती सवलत काढून घेतली. मग टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या 3 तारखेला स्वतःचं साधन लिहायला घेतलं. 7 तारखेला गिट स्वतःच्याच बदलांची नोंद स्वतःमध्ये ठेवू लागलं होतं. आज ते कुणालाही फुकट मिळतं.

आता रोजचं काम सांगतो. सकाळी बसलं की आधी इतरांनी केलेले बदल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. मग आपली एक वेगळी फांदी काढायची. तिला ब्रँच म्हणतात. म्हणजे मूळ कामाला धक्का न लावता बाजूला आपलं काम करायचं. थोडं काम झालं की कमिट करायचं. कमिट म्हणजे सही करून केलेली नोंद. काय बदललं, कोणी बदललं, केव्हा बदललं, या तीन गोष्टी मशीन आपोआप लिहून घेतं. चौथी गोष्ट, का बदललं, ही मात्र माणसानंच लिहायची असते. घाईत पुष्कळ जण तिथे नुसतं "दुरुस्ती" एवढंच लिहितात. आमच्या मते हा निव्वळ आळस आहे.

प्रत्येक कमिटला एक लांबलचक क्रमांक मिळतो, चाळीस अक्षरांचा. तो त्या नोंदीतल्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून काढलेला असतो. म्हणून मधलीच जुनी नोंद कोणी गुपचूप बदलली, तर पुढचे सगळे क्रमांक जुळेनासे होतात.

कधी दोघींनी एकच ओळ बदललेली असते. एकीनं गायीच्या दुधाचा दर बदलला, दुसरीनं त्याच ओळीत म्हशीचा घातला. फांद्या जोडताना गिट दोन्ही ओळी समोर ठेवतं आणि थांबतं. खरं कोणतं, हे ते स्वतः ठरवत नाही. दोघींनी एकमेकींशी बोलून ठरवायचं. पोरगी फोनवर तासभर बोलत बसली, तर कधी कधी ते हेच असतं.

दुसरं मोठं काम म्हणजे बिल्ड. आम्ही लिहितो ते माणसाला वाचता येतं, मशीनला कळत नाही. मशीनच्या भाषेत ते उतरवावं लागतं. हे काम कॉम्प्युटरकडूनच करून घेता येईल, हे ज्यांनी सुरुवातीला दाखवलं त्यांच्यात एक बाई होती. ग्रेस हॉपर, अमेरिकेची. 1952 साली. पुढे त्या अमेरिकेच्या नौदलात रिअर ॲडमिरल झाल्या.

पण सॉफ्टवेअर मोठं झालं की त्याचे शेकडो तुकडे होतात, आणि दरवेळी सगळं नव्यानं उतरवायचं म्हटलं तर वेळ जातो. फराळात शेवेचं मीठ कमी झालं म्हणून आपण चकल्या पुन्हा तळत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक नावाचं साधन केलं, ते हेच पाहतं. कोणता तुकडा बदलला आणि त्याच्यावर दुसरं काय काय अवलंबून आहे, तेवढंच पुन्हा करायचं. आता नवी साधनं पुष्कळ आली, पण मेकही अजून वापरात आहे.

आपला बदल कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाठवला की तिथे आपोआप बिल्ड सुरू होते आणि चाचण्या चालतात. सगळं नीट तर हिरवी खूण, नाहीतर लाल. लाल झालं की आम्ही म्हणतो, बिल्ड तुटली. ती दुरुस्त होईपर्यंत बाकीच्यांचंही काम अडतं. सासूबाई, रात्री अकराचा फोन बहुतेक वेळा त्याचा असतो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्यातली एक दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरवर काम करते. कंपनीचं नाव घेत नाही. एका गावातून तक्रार आली की चिठ्ठीवर पैसे कमी पडतात. 4.7 लिटर दूध, दर साडेछत्तीस रुपये. गुणाकार 171 रुपये 55 पैसे. आधी चिठ्ठीवर 172 यायचे, आता 171 येत होते. वरचे पैसे सरळ कापले जात होते. तुम्ही म्हणाल, पन्नास पैशांनी काय होतं? सरासरी पन्नास पैसे धरा. दिवसाला दोन चिठ्ठ्या, महिन्याला साठ. एका बाईचे तीस रुपये गेले. केंद्रावर दोनशे जणी दूध घालत असतील तर महिन्याला सहा हजार.

चाचण्या तर सगळ्या हिरव्या होत्या, कारण पैशांच्या या हिशोबाची चाचणी कुणी लिहिलीच नव्हती. मग कोणत्या बदलानं हे झालं, ते शोधायचं होतं. मधल्या काळात शेकडो कमिट झाले होते. त्यासाठी गिटमध्ये सोय आहे. बरोबर मधला कमिट घ्यायचा आणि चिठ्ठी काढून बघायची. तिथे चिठ्ठी बरोबर असेल तर चूक नंतर झाली, नसेल तर आधी झाली. पुन्हा उरलेल्याचा मध्य घ्यायचा. हजार बदल असले तरी दहा तपासण्यांत नेमका सापडतो.

सापडला. ओळीवर नाव होतं एका नव्या मुलीचं. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. कोणती ओळ कोणाची, हे दाखवणाऱ्या आज्ञेचं नावच गिटमध्ये ब्लेम आहे, म्हणजे दोष देणं. हे नाव आम्हाला मुळीच आवडत नाही. बैठकीत साहेबांनी आवाज चढवला. पण त्या मुलीनं कमिटमध्ये कारण पूर्ण लिहिलं होतं. सुट्ट्या पैशांची अडचण होते म्हणून चिठ्ठी पूर्ण रुपयांत द्यावी आणि वरचे पैसे सोडून द्यावेत, अशी मागणी कुणी केली, कोणत्या तारखेला केली आणि मंजुरी कुणी दिली. मंजुरी देणारे साहेब समोरच बसले होते. मग आवाज खाली आला. दुसऱ्या दिवशी तो बदल मागे घेतला गेला. मागे घेणं म्हणजे पुसणं नाही. जुना बदल रद्द केला, अशी नवी नोंद होते. हिशोबाची चाचणी लिहिली गेली. आणि मागच्या चिठ्ठ्यांचा फरक दूध घालणाऱ्यांना देण्याचं ठरलं, कारण कोणत्या दिवसापासून चुकलं याचा लेखी पुरावा होता.

तिथे नुसतं "दुरुस्ती" लिहिलेलं असतं, तर त्या मुलीची नोकरी राहिली असती का, हे आम्हाला सांगता येत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. इथे काही पुसलं जात नाही, म्हणून पासवर्ड कधीही कमिटमध्ये जाऊ द्यायचा नाही. नंतर ओळ काढून टाकली तरी जुन्या नोंदीत तो राहतोच. गेलाच, तर लगेच पासवर्ड बदलायचा.

गावातून काम करणाऱ्या आम्हा दोघींना गिटचा एक फायदा रोज होतो. सगळी जुनी नोंद आमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरही असते. रेंज गेली तरी कमिट करता येतो, जुनं पाहता येतं. रेंज आली की सगळं एकदम पाठवायचं. लाईट जाण्याआधी कमिट केलेला असला, म्हणजे केलेलं काम जात नाही. ज्यांच्या मुली बारावीनंतर कॉम्प्युटर शिकताहेत, त्यांना जुन्या लॅपटॉपवरही याचा सराव करता येईल. गिट उतरवून घ्यायला तेवढं एकदा इंटरनेट लागतं.

मागच्या बैठकीत एका काकूंनी विचारलं होतं, ते कारण मराठीत लिहिलेलं चालतं का? चालतं. गिटच्या आज्ञा इंग्रजीत आहेत, पण कारण देवनागरीत लिहिलं तर जसंच्या तसं राहतं. कंपनीत तमिळ, बंगाली मंडळी असतात म्हणून आम्ही तिथे इंग्रजीत लिहितो. घरच्या सरावाच्या कामात मात्र मराठीतच लिहितो.