कर्जाच्या रूपाने आलेला दिलासा



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास किंवा अध्यात्म यांवर बोलावे असा प्रघात आहे. त्या मानाने व्याज, हप्ता आणि जामीन हा विषय रुक्षच. तरी आम्ही तो आज मुद्दाम घेतला आहे. या सभेत बसलेल्यांपैकी कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाचा छापखाना, कोणाची खानावळ, कोणाचा आंब्याचा व्यापार. आणि ज्यांचे यांपैकी काहीच नाही ते या मंडळींचे गिऱ्हाईक आहेत. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा या सर्वांचा संसार एकदमच अडला. त्या वेळी सरकारने मदतीचा हात पुढे केला, आणि त्या हातात मुख्यतः कर्ज होते. त्या कर्जाचा हिशेब शांतपणे मांडण्याइतका काळ आता लोटला आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याची प्रकृती लक्षात घ्या. २४ मार्च २०२० रोजी रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. कोकणच्या दुकानदाराला विचारले, की वर्षातला कोणता महिना बंद ठेवलेला चालेल, तर तो आषाढ-श्रावण सांगेल. चैत्र-वैशाख कधीही सांगणार नाही. हापूस याच दिवसांत पेटीत भरला जातो. मुंबईचे चाकरमानी याच दिवसांत घरी येतात, लग्नाचे मांडव पडतात, गणपतीपुळ्याला पाहुण्यांची रीघ लागते. १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी सुरू होते, म्हणून मिरकरवाड्याच्या धक्क्यावरही एप्रिल-मे हेच अखेरचे कमाईचे दिवस. चार महिन्यांच्या पावसाची बेगमी ज्या दोन महिन्यांत करायची, नेमके तेच दोन महिने कुलपात गेले. दुकानाचे भाडे मात्र कुलपात गेले नाही. गड्याचा पगार, विजेचे बिल आणि घेतलेल्या मालाची देणी उंबऱ्याशी उभीच होती.

संकटात सरकारने कर्ज देणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आपल्या आज्यापणज्यांना तगाई हा शब्द चांगला ठाऊक होता. इंग्रज सरकारने १८८३ आणि १८८४ साली त्यासाठी कायदे केले आणि दुष्काळात विहीर, बैल, बियाणे यांसाठी शेतकऱ्याला कर्जे दिली. पण तगाई जमिनीला होती. दुकानदाराला, कारागिराला, फेरीवाल्याला त्यात जागा नव्हती. त्याने सावकार गाठावा किंवा सोयऱ्याधायऱ्यांकडून हातउसने घ्यावे, हीच रीत होती. २०२० साली साथ आवरण्यासाठी जो कायदा पुढे आला तो १८९७ सालच्या प्लेगच्या वेळचा होता. पण प्लेगच्या दिवसांत दुकानदाराच्या पाठीशी सरकार जामीन म्हणून उभे राहिल्याचे कोणी ऐकले नव्हते. २०२० साली ते घडले. ही गोष्ट मोठी आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

ती योजना अशी होती. १३ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लहान व मध्यम उद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांची हमी कर्ज योजना जाहीर केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी आपले जेवढे कर्ज येणे असेल, त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत आणखी कर्ज बँकेने द्यावे. नवे तारण मागू नये. कर्ज बुडाल्यास सगळी भरपाई सरकारने करावी. बँकांचे व्याज सव्वानऊ टक्क्यांच्या वर जाऊ नये, मुदत चार वर्षांची, आणि पहिले वर्षभर मुद्दल मागू नये. पुढे या योजनेची रक्कम पाच लाख कोटींपर्यंत वाढली आणि ती ३१ मार्च २०२३ पर्यंत चालली.

आता आपल्या बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानदाराचा हिशेब करू. त्याच्याकडे बँकेचे पाच लाख येणे होते असे धरा. त्याला एक लाख मिळाले. पहिल्या वर्षी त्याने नुसते व्याज भरले, महिना सुमारे ७७० रुपये. दुसऱ्या वर्षापासून हप्ता सुरू झाला, महिना सुमारे ३,१९० रुपये, छत्तीस महिने. चार वर्षांत लाखाचे सुमारे सव्वा लाख फेडावे लागले. अडलेल्या माणसाला सावकाराच्या दारी जे सोसावे लागते त्या मानाने हा व्यवहार निश्चितच सौम्य म्हणायचा.

मग अडचण कोठे आली? पहिली अडचण अशी, की ज्याच्या डोक्यावर आधीच बँकेचे कर्ज होते त्यालाच हे कर्ज मिळाले. आपल्या कोकणात अंथरूण पाहून पाय पसरावे ही शिकवण घराघरांत आहे. अनेक दुकानदारांनी जन्मात बँकेचे कर्ज काढले नाही, आणि तो त्यांच्या अभिमानाचा विषय होता. त्यांच्या शून्याचे वीस टक्के शून्यच आले! दुसरे कित्येक रोज संध्याकाळी पिग्मी भरतात आणि नड पडली की पतसंस्थेकडून कर्ज घेतात. योजना बँका आणि वित्तीय कंपन्यांमार्फत होती. पतसंस्था तिच्या बाहेर होत्या. जो माणूस वर्षानुवर्षे वेळेवर फेडत आला, पण पतसंस्थेच्या खिडकीवर, त्याची पत सरकारी कागदावर उमटलीच नाही. यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. घाईच्या वेळी सरकार हाताशी असलेल्या वहीवरूनच मदत वाटते, आणि ज्याचे नाव त्या वहीत नाही तो रांगेत उभाच राहू शकत नाही.

दुसरी गोष्ट हप्ते लांबणीवर टाकण्याची. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते न भरण्याची सवलत दिली. पुष्कळांची समजूत झाली, की सहा महिन्यांचे हप्ते माफ झाले. माफ काहीच झाले नव्हते. व्याज चालूच होते. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचे त्या सहा महिन्यांचे व्याजावरील व्याज सरकारने स्वतः भरायचे ठरवले. वर्तमानपत्रांतून त्याचा मोठा गाजावाजा झाला. आता आकडा पाहा. तीन लाखांच्या कर्जावर बारा टक्के दराने सहा महिन्यांचे सरळ व्याज १८,००० रुपये, चक्रवाढीने १८,४५६. म्हणजे दुकानदाराच्या खात्यात आले ४५६ रुपये. अठरा हजारांचा बोजा त्याचा त्यालाच राहिला. सवलत आणि माफी या दोन शब्दांत केवढे अंतर असते ते या एका उदाहरणावरून कळते.

तिसरी गोष्ट फेरीवाल्यांची. जून २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली आणि पथविक्रेत्याला दहा हजार रुपये बिनतारण मिळू लागले. वेळेवर फेडणाऱ्याला सात टक्के व्याजाची सूट, आणि पहिले फेडले की वीस हजार, मग पन्नास हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने ती २०३० सालच्या मार्चअखेरपर्यंत वाढवून पहिल्या दोन कर्जांची रक्कम पंधरा आणि पंचवीस हजार केली. आमच्या मते या सर्व योजनांत हिची रचना अधिक शहाणपणाची होती, कारण ती पत नसलेल्याला पायरीपायरीने पत मिळवून देते. पण तिच्या दारावरही एक कागद मागितला जात होता: नगरपालिकेचे ओळखपत्र, नाही तर शिफारसपत्र. पथविक्रेत्यांची गणना करून त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत असे २०१४ चा कायदा सांगतो. ज्या गावाने ते काम आधी नीट केले होते तेथील भाजीवाली लवकर बँकेत पोचली. जेथे झाले नव्हते तेथे तिला आधी नगरपालिकेचे जिने चढावे लागले.

आणि आपल्या जिल्ह्यावर संकट एकटे आले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड झोडपले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपला किनारा घासून गेले. मग २२ जुलै २०२१ उजाडला आणि वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. ज्याने जुलै २०२० मध्ये हमी कर्ज घेतले होते, त्याचा मुद्दलाचा पहिला हप्ता ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू व्हायचा होता. ज्या मालावर तो फेडायचा तो माल चिखलात होता. राज्य सरकारने दुकानदाराला जास्तीत जास्त पन्नास हजार आणि टपरीवाल्याला दहा हजार रुपये मदत जाहीर केली. मे २०२१ च्या अखेरीस केंद्रानेही हमी कर्जाची मुदत पात्र खातेदारांना पाच वर्षांपर्यंत वाढवून देण्याची सोय केली होती. पण चिखल उपसणाऱ्या किती जणांपर्यंत ती वार्ता पोचली असेल?

परदेशांत काय झाले तेही पाहू. जर्मनीने पाच माणसांपर्यंतच्या धंद्यांना नऊ हजार युरोंपर्यंत सरळ अनुदान दिले. अमेरिकेत कर्ज दिले, पण ते नोकरांच्या पगारावर व ठरलेल्या खर्चावर लावले तर माफ केले. तेथे पैसा सढळ होता आणि लबाडीही पुष्कळ झाली. आपल्या सरकारची झोळी तेवढी मोठी नव्हती, आणि हमी दिली तर आजच तिजोरीतून पैसा काढावा लागत नाही, हा विचार समजण्यासारखा आहे. पण एक भेद मात्र करायला हवा होता. काही विक्री पुढे ढकलली जाते, काही बुडतेच. टाळेबंदीत ज्याने कपाट घेतले नाही, तो दिवाळीला घेईल. त्या दुकानदाराला कर्ज पुरे, कारण त्याला फक्त काळ हवा आहे. परंतु जो आंबा पिकून सडला तो श्रावणात विकता येत नाही. लॉजमधली मे महिन्यात रिकामी राहिलेली खोली डिसेंबरात दोनदा भाड्याने देता येत नाही. तीन महिने केस न कापलेला माणूस न्हाव्याकडे येतो तो एकदाच पैसे देतो. या लोकांची कमाई गेली ती गेली. त्यांना दिलेले कर्ज म्हणजे कालचे नुकसान उद्याच्या कमाईतून भरण्याची सक्ती होय. बुडालेल्याला अनुदान आणि खोळंबलेल्याला कर्ज, हे तत्त्व पुढच्या संकटात तरी सरकारपुढे ठामपणे मांडले पाहिजे.

आणि आपण काय करायचे? आम्हांला तीन गोष्टी सुचतात. धंदा कितीही लहान असो, त्याची नोंदणी, रोजकीर्द आणि बँकेतले खाते चोख ठेवावे. कर्ज घ्यावे म्हणून नव्हे, आपले नाव वहीत असावे म्हणून. दुसरे, व्यापारी संघटनांनी नुसते बंद आणि निवेदने यांवर न थांबता, योजनेचा कागद वाचून सांगणारा एक जाणता माणूस बसवावा. पात्र कोण, मुदत किती, माफी की सवलत, एवढे तीन प्रश्न मराठीत समजावले तरी कित्येक घरे फसगतीपासून वाचतील. तिसरे, सुगीच्या दिवसांत प्रत्येक दुकानाने थोडे थोडे घालून बाजारपेठेचा स्वतःचा संकटनिधी उभारावा. सरकारी मदत पोचायला महिना लागतो. शेजाऱ्याची मदत त्याच संध्याकाळी पोचते.

साथ पुन्हा कधी येईल हे सांगता येत नाही. पाऊस आणि वादळ तर दरवर्षी येणारच. त्या वेळी आपल्या बाजारपेठेतले एकही दुकान, त्याच्या मालकाचे नाव कोणत्याच वहीत नव्हते एवढ्याच कारणाने बंद पडू नये. तेवढे आपल्या हातात आहे.